एंजिनाच्या पोर्टिंगसाठी काँप्रेसर आणि डाय ग्राइंडरची निवड

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी अकलोली हे गाव आहे. वज्रेश्वरी आणि गणेशपुरी या शेजारच्या गावांप्रमाणेच येथील गरम पाण्याच्या कुंडांमुळे त्याचे नाव सर्वदूर परिचित आहे. भाविकांच्या व पर्यटकांच्या मोटारी, भिवंडीच्या गोदामांकडे व वाड्याच्या कारखान्यांकडे जाणारे मालट्रक, गावोगावचे टेम्पो आणि शेतकऱ्यांचे डिझेल पंप यांमुळे या परिसरात दुरुस्तीच्या कामाला तोटा नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या तरुणाला येथे स्वतःचे गॅरेज काढावेसे वाटले तर ते स्वाभाविकच आहे. त्यातील काहींची दृष्टी नेहमीच्या दुरुस्तीपलीकडे, पोर्टिंगसारख्या कसबाच्या कामाकडे वळते. या कामासाठी कोणती यंत्रसामग्री घ्यावी, ती किती क्षमतेची असावी आणि कर्ज काढून ती घेण्याची घाई करावी काय, या प्रश्नांचा विचार येथे केला आहे. चुकीच्या काँप्रेसरवर खर्च झालेले भांडवल पुढील कित्येक महिने हप्त्यांच्या रूपाने मानेवर बसते, म्हणून हा विचार खरेदीपूर्वीच व्हावयास हवा.

पोर्टिंग म्हणजे काय?

एंजिनात हवा व इंधनाचे मिश्रण ज्या वाटेने आत येते आणि जळलेला वायू ज्या वाटेने बाहेर पडतो, त्या वाटांना पोर्ट म्हणतात. कारखान्यात ओतीव काम करताना या वाटांत साच्याच्या जोडाच्या कडा, खडबडीतपणा आणि कोठे कोठे अडथळे राहून जातात. इनटेक मॅनिफोल्ड, गॅस्केट आणि सिलिंडर हेड यांची भोके एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. हे अडथळे काढणे, भोके जुळविणे आणि वाटेचा आकार सुधारणे यास पोर्टिंग हे नाव आहे. वाट जितकी मोठी तितकी शक्ती अधिक, अशी समजूत गॅरेजांतून फार रूढ आहे; ती बरोबर नाही. वाट वाजवीपेक्षा रुंद केली तर वायूचा वेग मंदावतो, कमी फेऱ्यांवर सिलिंडर नीट भरत नाही आणि गाडी चढावर दम टाकते. चार फटक्यांच्या एंजिनात खरा अडसर बहुधा व्हॉल्व्हच्या बैठकीलगत आणि वाट जेथे आतल्या बाजूने वळते त्या आखूड वळणावर असतो. कसबी कारागीर तेथील थोडासाच धातू काढतो व बाकीच्या भागाला केवळ हात फिरवतो.

दोन फटक्यांच्या एंजिनात हे काम अधिक जोखमीचे असते, कारण तेथे पोर्टची उंचीच एंजिनाचे वेळापत्रक ठरविते. १९८५ ते १९९६ या काळात भारतात तयार झालेल्या यामाहा आरएक्स १०० या मोटारसायकलीचे उदाहरण घ्यावे. तिच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ५० मिलिमीटर आहे. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड केवळ १ मिलिमीटरने वर नेली तर पोर्ट सुमारे सव्वादोन अंश आधी उघडतो आणि तितकाच उशिरा मिटतो. म्हणजे एकूण अवधी साडेचार अंशांहून अधिक वाढतो. डाय ग्राइंडर हातात असताना १ मिलिमीटर धातू उडण्यास काही क्षण पुरतात. काढलेला धातू परत बसविता येत नाही. पोर्टच्या कडा नंतर हलक्या हाताने गोलसर केल्या नाहीत तर पिस्टनची रिंग त्या कडेला अडकून तुटते. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या हौशी लोकांमध्ये या मोटारसायकलीचे सिलिंडर आता मौल्यवान समजले जातात. तेव्हा हत्याराचा वेग आणि हाताचा ताबा या बाबी केवळ सोयीच्या राहत नाहीत.

डिझेल एंजिनांच्या बाबतीत एक इशारा आवश्यक आहे. ज्या डिझेल एंजिनांत इंधन थेट ज्वलनकक्षात फवारले जाते, त्यांतील पुष्कळ एंजिनांच्या इनटेक पोर्टला मुद्दाम पीळ दिलेला असतो. आत येणारी हवा भोवऱ्यासारखी फिरावी आणि फवारलेल्या डिझेलशी नीट मिसळावी हा त्याचा हेतू. हा पीळ 'अडथळा' समजून घासून काढला तर एंजिन काळा धूर ओकू लागते. मालट्रकचे किंवा पंपाचे हेड आले तर त्यातील काजळी काढणे आणि व्हॉल्व्हच्या बैठका सुधारणे एवढ्यावरच थांबावे, हे शहाणपणाचे.

हवेचे गणित

पोर्टिंगचे मुख्य हत्यार डाय ग्राइंडर. पेन्सिलीप्रमाणे हातात धरून लांब दांडीची फिरती कानस अरुंद वाटेत घालता येते, हा त्याचा विशेष. हवेवर चालणारे साधे डाय ग्राइंडर मिनिटाला २० ते २५ हजार फेरे घेते, वजनाला अर्धा-पाऊण किलोच्या आसपास असते, हातात तापत नाही आणि अडकून थांबले तरी जळत नाही. हे सर्व गुण खरे आहेत. परंतु त्याची हवेची भूक फार मोठी असते आणि विक्रेत्याच्या पत्रकावरून ती ध्यानात येत नाही.

पत्रकावर 'हवेचा खप मिनिटाला ४ ते ५ घनफूट' असे छापलेले आढळते. हा आकडा बहुधा सरासरीचा असतो. कारागीर मिनिटातील थोडेच सेकंद हत्यार चालवील, उरलेला वेळ ते हातात नुसतेच राहील, असे त्यात गृहीत धरलेले असते. नट खोलण्याच्या हवाई पान्याला हा हिशेब लागू पडतो. पोर्टिंगमध्ये मात्र खटका पाच पाच मिनिटे दाबलेलाच राहतो. अशा अखंड कामात दर चौरस इंचास ९० पौंड, म्हणजे सुमारे ६.२ बार दाबावर त्याच हत्याराला मिनिटाला १५ ते २० घनफूट हवा लागते. १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर; तेव्हा १५ घनफूट म्हणजे जवळजवळ ४२५ लिटर हवा दर मिनिटाला हवी.

आता काँप्रेसरकडे पाहावे. पिस्टनचा चांगला काँप्रेसर एका अश्वशक्तीमागे मिनिटाला साधारण साडेतीन ते चार घनफूट हवा प्रत्यक्ष देतो. पाटीवर याहून मोठा आकडा असतो, पण तो पुष्कळदा 'पिस्टनच्या विस्थापना'चा, म्हणजे पिस्टन किती जागा झाडतो त्याचा असतो. व्हॉल्व्हची गळती, सिलिंडरच्या माथ्यावर अडकून राहणारी हवा आणि उष्णता यांमुळे प्रत्यक्ष हवा त्याच्या ६० ते ७५ टक्केच मिळते. म्हणून दुकानदारास 'प्रत्यक्ष मिळणारी मोकळी हवा किती' असाच प्रश्न विचारावा आणि उत्तर दरपत्रकावर लिहून घ्यावे.

गावच्या गॅरेजात बहुधा २ अश्वशक्तीचा काँप्रेसर आणि २०० लिटरची टाकी असते. तो मिनिटाला २०० लिटर, म्हणजे ७ घनफूट हवा देतो असे धरू. टाकी १० बारपर्यंत भरली आहे आणि ६ बारपर्यंत काम नीट चालते. या ४ बारच्या फरकात टाकीतून २०० गुणिले ४, म्हणजे ८०० लिटर मोकळी हवा निघते. डाय ग्राइंडर मिनिटाला ४२५ लिटर खातो, काँप्रेसर २०० लिटर देतो. तूट २२५ लिटरची. काँप्रेसर सुरुवातीपासून चालू धरला तरी साडेतीन मिनिटांत हत्यार मलूल होते. मग टाकी पुन्हा भरण्यास ४ मिनिटे थांबावे लागते. अर्धा वेळ काम, अर्धा वेळ वाट पाहणे, आणि काँप्रेसरला मात्र विश्रांतीच नाही! पिस्टनचे छोटे काँप्रेसर अशा अखंड धावेसाठी बनविलेले नसतात. त्यांना तासातील तिसरा हिस्सा तरी उसंत लागते. ती न मिळाल्यास तेल जळते, व्हॉल्व्हच्या पट्ट्यांवर काजळी धरते आणि दोन पावसाळ्यांत यंत्र भंगाराच्या वाटेला लागते.

मोठी टाकी घेतल्याने हा प्रश्न सुटतो अशीही एक समजूत आहे. टाकी दुप्पट केली तर साडेतीन मिनिटांची सात मिनिटे होतील, पण भरण्यास चारऐवजी आठ मिनिटे लागतील. टाकी हवा निर्माण करीत नाही. ती फक्त साठविते. अखंड पोर्टिंग हवेवरच करावयाचे असेल तर किमान ५ आणि शक्यतो साडेसात अश्वशक्तीचा, दोन टप्प्यांत हवा दाबणारा, बिडाच्या सिलिंडरचा व पट्ट्यावर चालणारा काँप्रेसर लागतो. थेट मोटारीला जोडलेले, ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचे स्वस्त काँप्रेसर रंगाच्या किरकोळ कामास ठीक. या कामास नव्हेत.

जुना काँप्रेसर घेताना एक सोपी कसोटी कोणालाही करता येते. टाकी पूर्ण रिकामी करावी, बाहेरचा कॉक बंद करावा आणि घड्याळ लावून काँप्रेसर सुरू करावा. २०० लिटरच्या टाकीत दाब ७ बार होईपर्यंत १,४०० लिटर हवा जाते. त्यास ७ मिनिटे लागली तर यंत्र मिनिटाला २०० लिटर हवा देते. १० मिनिटे लागली तर केवळ १४० लिटर. टाकीतील हवा गरम असल्याने खरा आकडा याहूनही थोडा कमीच असतो. यंत्राला नवा रंग कितीही चकाकत असला तरी ही कसोटी फसत नाही.

विजेवरचे हत्यार

दाबलेली हवा हे शक्ती वाहून नेण्याचे साधन म्हणून मोठ्या इतिहासाचे आहे. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे १८५६ ते १८६३ या काळात हाताने सुरुंगाची भोके पाडून आणि दारू ठासून फोडले गेले. त्याच सुमारास, १८६१ मध्ये, युरोपात आल्प्स पर्वतातील फ्रेजुस बोगद्यात हवेवर चालणारी छिद्रण यंत्रे प्रथमच मोठ्या प्रमाणावर कामास लागली. महाराष्ट्रात पुढे पुण्याच्या किर्लोस्कर न्युमॅटिक कंपनीने (स्थापना १९५८) काँप्रेसरच्या निर्मितीत मोठे नाव मिळविले. भिवंडी परिसरातील वस्त्रोद्योगालाही हे तंत्र अपरिचित नाही; एअरजेट मागावर आडवा धागा हवेच्या झोताने फेकला जातो आणि त्यासाठी काँप्रेसर अखंड चालवावा लागतो. परंतु हवेचे हे सामर्थ्य महागडे आहे, हे त्या मागवाल्यांइतके कोणी जाणत नसेल. काँप्रेसरला दिलेल्या विजेपैकी बराचसा भाग उष्णता होऊन निघून जातो; हत्याराच्या दांडीपर्यंत फार तर दहावा हिस्सा पोचतो.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो ते पाहावे. ५ अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर तासाला सव्वाचार युनिटांच्या आसपास वीज घेते. तेच कापण्याचे काम ५०० वॅटचे, सरळ दांडीचे विजेचे डाय ग्राइंडर तासाला अर्ध्या युनिटात करते. एका हेडवर सहा तास धातू कापावा लागला, तर एकीकडे २५ युनिट आणि दुसरीकडे ३ युनिट असा फरक पडतो. शिवाय ५ अश्वशक्तीच्या मोटारीस थ्री-फेज जोडणी हवी. सिंगल-फेजवर दोन-तीन अश्वशक्तीपलीकडची मोटार सुरू होताना इतका प्रवाह ओढते की गावातील मंद व्होल्टेजवर ती नुसतीच गुणगुणत राहते आणि वेटोळे जळते.

विजेच्या ग्राइंडरचे दोषही सांगितले पाहिजेत. ते दीड-दोन किलो वजनाचे आणि मानेला जाड असते, त्यामुळे मोटारसायकलच्या लहान हेडमध्ये नीट शिरत नाही. धातूचा भुगा त्याच्या पंख्यातून आत ओढला जातो. सतत दाबून चालविल्यास ते तापते. पहिल्या दोषावर लवचीक शाफ्टचे यंत्र हा जुना व चांगला उपाय आहे: मोटार छताला टांगलेली, आणि तिच्यापासून निघालेल्या लवचीक नळीच्या टोकाला बारीक मूठ. सोनारांच्या व दातांच्या कवळ्या बनविणाऱ्यांच्या कार्यशाळेत याच जातीचे लहान यंत्र असते. फेरे कमीजास्त करण्याची सोय असलेलेच विजेचे ग्राइंडर घ्यावे. एकाच वेगाचे घेऊ नये.

तेव्हा अकलोलीसारख्या ठिकाणी नव्याने गॅरेज काढणाऱ्याने प्रारंभ कसा करावा, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी स्पष्ट होते. वेग बदलता येणारे विजेचे डाय ग्राइंडर, जमल्यास लवचीक शाफ्ट, आणि टायरमध्ये हवा भरणे, सुटे भाग फुंकून साफ करणे, रंग मारणे यांसाठी २ ते ३ अश्वशक्तीचा साधा काँप्रेसर एवढ्यावर पोर्टिंगचे काम सुरू होऊ शकते. हवेचे लहान ग्राइंडर शेवटच्या, नाजूक व अडचणीच्या जागांसाठी जवळ ठेवावे. तेथे मिनिटभरच काम असते आणि २०० लिटरची टाकी पुरून उरते. मोठा काँप्रेसर कामांची रीघ लागल्यावर घेता येईल. तो आधी घेऊन कामांची वाट पाहण्यात अर्थ नाही.

कानस, वेग आणि हात

यंत्रापेक्षाही फिरत्या कानशीची निवड कामाचा दर्जा ठरविते. टंगस्टन कार्बाइडच्या, ६ मिलिमीटर दांडीच्या कानशी या कामास योग्य. बिडासाठी दुहेरी कापाची, म्हणजे आडवेतिडवे दात असलेली कानस घ्यावी. ॲल्युमिनियमसाठी मात्र मोठ्या, एकेरी दातांची कानस लागते, कारण बारीक दातांत मऊ धातू भरून ती गुळगुळीत गोळा होऊन बसते. कापताना मधूनमधून मेण किंवा थोडे घासलेट लावल्यास धातू चिकटत नाही. घासलेट वापरताना ठिणग्यांचे काम जवळपास नसावे. अंडाकृती, झाडाच्या आकाराची आणि गोल टोकाची नळकांडी अशा तीन आकारांत बहुतेक काम उरकते. दहा-पंधरा आकारांची पेटी स्वस्त मिळते, पण तिच्यातील दात लवकर बोथट होतात. तीन चांगल्या कानशी घेणे परवडते.

वेगाचा हिशेब साधा आहे. कानशीचा व्यास, ३.१४ आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार म्हणजे दातांचा वेग. १० मिलिमीटरची कानस २० हजार फेऱ्यांवर मिनिटाला ६२८ मीटर वेगाने कापते. बिडासाठी साधारण ४५० ते ६०० मीटर योग्य धरतात. म्हणून १२ मिलिमीटरची कानस बिडावर चालविताना फेरे १६ हजारांच्या आत आणावेत. पोर्टच्या तळाशी पोचण्यासाठी शंभर-दीडशे मिलिमीटर लांब दांडीची कानस वापरतात. ती पोर्टच्या बाहेर, मोकळ्या हवेत पूर्ण वेगाने कधीही फिरवू नये. दांडी वाकते आणि क्षणार्धात कानस सुटून गोळीसारखी जाते. ती आधी पोर्टमध्ये टेकवावी, मग हळूहळू वेग द्यावा. या एका नियमाच्या अज्ञानातून झालेल्या इजा कायमच्या असतात.

कानशीनंतर ६० ते ८० नंबरच्या एमरीचे गुंडाळे फिरवावेत. इनटेकच्या वाटेला आरशासारखी चकाकी देण्याचा मोह आवरावा; कार्ब्युरेटरच्या एंजिनात पेट्रोलचे थेंब गुळगुळीत भिंतीवर ओघळतात, किंचित खरखरीत भिंतीवर ते हवेत मिसळणे सोपे जाते. एक्झॉस्टची वाट गुळगुळीत केलेली चांगली, कारण तेथे काजळी कमी धरते.

पावसाळ्यातील पाणी

ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवा ओलाव्याने भरलेली असते. काँप्रेसर ही हवाच आत घेतो. ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना १ घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी असते. मिनिटाला ४२५ लिटर या हिशेबाने तासाला साडेपंचवीस घनमीटर हवा आत जाते, म्हणजे सुमारे ६६० ग्रॅम पाणी. दाबल्यावर हवेचा संकोच होतो, आणि निवल्यावर त्यातील तीन चतुर्थांश पाणी वेगळे होते. तासाला अर्धा लिटर! दिवसभराच्या कामात दोन-तीन लिटर पाणी टाकीत, नळीत आणि शेवटी ग्राइंडरच्या पात्यांत उतरते. पाती गंजतात, तेल धुऊन जाते आणि महाग हत्यार दोन महिन्यांत खरखरू लागते.

यावर उपाय खर्चिक नाही. काँप्रेसर आणि काम करण्याची जागा यांमध्ये लोखंडी जस्ती पाइपची लांब ओळ टाकावी, म्हणजे गरम हवा वाटेतच निवते. पाइपला काँप्रेसरपासून दूर जाणारा किंचित उतार द्यावा, शेवटी पाणी साठण्यासाठी उभा तुकडा व कॉक बसवावा आणि हत्यारासाठीची शाखा मुख्य पाइपच्या वरच्या बाजूने काढावी, म्हणजे तळाचे पाणी तिच्यात येत नाही. त्यानंतर गाळणी, दाबनियंत्रक आणि तेलाचा थेंब सोडणारे उपकरण असा संच बसवावा. रंगकामाची नळी मात्र तेलाच्या उपकरणापूर्वीच वेगळी काढावी. तेलकट हवेने रंगावर डाग उठतात. प्लॅस्टिकचे पाण्याचे पाइप दाबाच्या हवेस वापरू नयेत, ते फुटले तर तुकडे सुरीसारखे उडतात. हत्याराची रबरी नळी आतून १० मिलिमीटरची असावी. टायरच्या हवेसाठीची ६ मिलिमीटरची नळी लावली तर दहा मीटरमध्येच एक बारहून अधिक दाब वाटेतच संपतो, आणि कारागीर दोष ग्राइंडरला देतो.

काँप्रेसर पत्र्याच्या शेडच्या बाहेरच्या बाजूस, पण पावसाच्या माऱ्यापासून व उन्हापासून आडोशाला ठेवावा. घासकामाचा भुगा आत ओढला जाऊ नये, ही दक्षता घ्यावी. बिडाचे हेड घासून झाले की त्याच संध्याकाळी त्याला तेलाचा हात लावावा. पावसाळ्यात उघडा धातू एका रात्रीत तांबूस होतो.

टाकीच्या सुरक्षिततेविषयी हयगय करून चालणार नाही. हवेच्या टाक्यांसाठी भारतीय मानक ७९३८ आहे; नवी टाकी त्यानुसार बनविलेली आहे याची खात्री करावी. जुनी टाकी घेतल्यास तिची पाण्याच्या दाबाची चाचणी सक्षम व्यक्तीकडून करवून घ्यावी. टाकी आतून, तळाशी गंजते आणि बाहेरून ते दिसत नाही. तळाचा कॉक रोज उघडावा, सुरक्षा झडप महिन्यातून एकदा हाताने उचलून पाहावी. टाकीला वेल्डिंगचे ठिगळ लावणे किंवा स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर टाकी म्हणून जोडणे हे जिवाशी खेळणे होय. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे आणि नाकाला धूळरोधक मुखवटा यांवाचून ग्राइंडर हातात घेऊ नये. कपड्यांवरचा भुगा हवेच्या झोताने झटकण्याची गॅरेजांतील सवयही सोडावयास हवी.

कायदा आणि कर्ज

पोर्टिंगचे गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न कर्जाच्या अर्जापूर्वी सोडविला पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल वाहनात करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कडक अर्थ लावला. पोर्टिंगने एंजिनाची घनक्षमता बदलत नाही, हा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतील धुराची व आवाजाची मर्यादा ओलांडली गेली तर त्याचा उपयोग नाही. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या वाहनांत तर सेन्सर आणि उत्प्रेरक यांची रचना मूळ प्रवाहाशी बांधलेली आहे. म्हणून रस्त्यावरच्या वाहनांत ओतीव कामाच्या कडा काढणे, गॅस्केट जुळविणे, काजळी साफ करणे व व्हॉल्व्हच्या बैठका सुधारणे इतकेच काम घ्यावे. पोर्टचे आकार व उंची बदलण्याचे काम बंदिस्त मार्गावरील शर्यतींच्या वाहनांपुरते ठेवावे आणि तसे गिऱ्हाइकाकडून लिहून घ्यावे. अशी कामे एका तालुक्यात मोजकीच असणार, हे उघड आहे. अकलोलीच्या गॅरेजाचा संसार ट्रक, टेम्पो आणि पंपांच्या दुरुस्तीवरच चालेल. पोर्टिंग हे त्याचे जोडकाम राहील.

भांडवलासाठी जिल्हा उद्योग केंद्राकडे चौकशी करावी. १९७८ पासून सुरू झालेली ही केंद्रे लहान उद्योजकास प्रकल्प अहवाल तयार करण्यापासून बँकेपर्यंत मार्गदर्शन करीत आली आहेत. २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा उद्योगांच्या प्रकल्पखर्चाची मर्यादा २०२२ मध्ये १० लाखांवरून २० लाख रुपये करण्यात आली. ग्रामीण भागातील सर्वसाधारण प्रवर्गासाठी अनुदान २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती आदी विशेष प्रवर्गांसाठी ३५ टक्के ठरविण्यात आले. राज्य शासनाचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासूनचा आहे. अशा योजनांच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जाच्या वेळी लागू असलेला शासन निर्णय पाहूनच आकडे मांडावेत.

प्रकल्प अहवालात 'काँप्रेसर, १ नग' एवढेच लिहू नये. मिनिटाला प्रत्यक्ष मिळणारी हवा, टाकीचे लिटर, मोटारीची अश्वशक्ती आणि फेज, आणि महिन्याला अपेक्षित विजेचे युनिट ही चार माहिती स्वतंत्रपणे द्यावी. थ्री-फेज जोडणीचा खर्च व ती मिळण्यास लागणारा अवधीही त्यात धरावा. यंत्र आधी येऊन पडले आणि जोडणी मागाहून आली, तर मधल्या महिन्यांचे व्याज कोणत्याही अनुदानातून भरून निघत नाही.